त्यागाचा गौरव नको, श्रमाची वाटणी हवी

तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांचे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. वडील एस. टी. महामंडळात वाहक आहेत. आई एकेकाळी बालवाडीत शिकवीत असे. आता घरीच असते. मुलगी सातवीत आहे आणि मुलगा आठ वर्षांचा. सकाळी कुकर लावण्यापूर्वी आई मुलाला मागच्या पडवीत नेऊन बसवते. कारण कुकरची शिट्टी झाली की तो दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळतो आणि मग तासभर शांत होत नाही. त्याच्या सदऱ्याच्या मानेमागची कापडी पट्टी कापून टाकलेली असते, कारण ती त्याला टोचते. भाताला आमटी लागलेली त्याला चालत नाही. शाळेचा रस्ता बदलला तर तो भर रस्त्यात बसकण मारतो. तो बोलत नाही. पण यंत्रे येण्यापूर्वीच्या काळातील जुन्या तिकिटांच्या गड्ड्या वडिलांनी जपून ठेवल्या आहेत, त्या रंगांप्रमाणे लावण्यात तो तासन्‌तास रमतो, आणि एखादी ओळ मनासारखी जमली की खुदकन हसतो. ते हसू पाहण्यासाठी घर थांबते.

या मुलाला स्वमग्नता आहे हे कळायला त्याला साडेचार वर्षे पूर्ण व्हावी लागली. दोन वर्षांचा असताना तो हाकेला वळून पाहत नाही, बोटाने दाखवून काही मागत नाही, हे आईच्या ध्यानात आले होते. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला’, असे सांगून आजीने तिची समजूत घातली. मग कानांची तपासणी झाली, नवस झाला, देवऋष्याचा अंगारा झाला. आणि अखेरीस एका मोठ्या शहरातील रुग्णालयात या वेगळेपणाचे नाव समजले. त्यानंतरच्या महिन्यात आईने बालवाडीची नोकरी सोडली. नोकरी कोणी सोडायची, हा प्रश्न त्या घरात विचारला गेलाच नाही. तो विचारण्याजोगा प्रश्न आहे असे आईलाही वाटले नाही, वडिलांनाही नाही आणि शेजारपाजाऱ्यांनाही नाही. न विचारला गेलेला तो प्रश्न कौटुंबिक नसून राजकीय आहे, एवढेच येथे मांडायचे आहे.

असे घर विरळा असते तर त्याची चर्चा दयाबुद्धीने करून भागले असते. परंतु ते विरळा नाही. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. उत्तर गोवा हे त्या पाचांपैकी एक ठिकाण होते. या पाहणीत दर शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. म्हणजे मध्यम आकाराच्या प्रत्येक शाळेच्या परिसरात अशी तीन-चार घरे असणार. ती दिसत नाहीत, कारण ती घराबाहेर पडत नाहीत. लग्नकार्याला ती जात नाहीत. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांपासून आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंतींपासून दूर, खिडक्या लावून ती बसून असतात. २०११ च्या जनगणनेने अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले, त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. समाजाने त्यांना पाहिले नाही आणि राज्यसंस्थेने त्यांना मोजले नाही.

दोषी आई आणि थोर आई

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ तेथून धरतात. ही मुले जन्मापासूनच इतरांहून वेगळी आहेत, असे कॅनर यांनी नोंदविले होते; पण त्याबरोबरच त्यांच्या आईवडिलांच्या थंड स्वभावावरही त्यांनी बोट ठेवले. ते बोट पुढील दोन दशके उचललेच गेले नाही. आईने माया लावली नाही म्हणून मूल स्वतःच्या कोशात शिरले, असा सिद्धान्त अमेरिकेत प्रतिष्ठा पावला. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात अशा मुलांच्या मनःस्थितीची तुलना नाझी छळछावणीतील बंद्यांशी केली. मूल जर बंदी, तर पहारेकरी कोण, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. हजारो मातांनी हे आरोपपत्र शास्त्र म्हणून मान्य केले आणि आपल्याच मुलाच्या अपराधी म्हणून आयुष्य काढले.

हा सिद्धान्त मोडून काढण्यात पालकांचा वाटा मोठा होता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असे साधार मांडले. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी संघटना उभी केली. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या, ज्या मानसोपचारतज्ज्ञही होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आईही. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढे आणला. आईच्या मायेचा प्रश्न शास्त्रापुरता तेथे निकालात निघाला. पण आरोप मात्र रूप बदलून येत राहिला. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरील एक लेख आला आणि त्याच्या आधारे लशीवर संशय घेतला गेला. तो लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. पण मधल्या बारा वर्षांत लस टोचून आणणाऱ्या किती आयांनी स्वतःला दोष दिला असेल, याची गणती कोण करणार?

मराठी घराला बेटलहाइमचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचा निवाडा मात्र येथे रोज सुनावला जातो. ‘वळण लावले नाही’, ‘नोकरीच्या नादात पोराकडे लक्ष दिले नाही’, ‘हातात मोबाइल दिला’, ‘गरोदरपणी ग्रहण पाळले नाही’. बाजारात मुलाने जमिनीवर अंग टाकले की दहा माणसे गोळा होतात आणि दहाही जणांच्या नजरा आईकडे वळतात. बाप शेजारीच उभा असला तरी त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

याच आईचा महिला दिनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तिच्या त्यागावर भाषणे होतात, मातृत्वाची थोरवी गाइली जाते. दोषी आई आणि थोर आई ही दोन चित्रे वरवर परस्परविरोधी वाटली, तरी ती एकाच गृहीतावर उभी आहेत. मूल ही आईची आणि आईचीच बाब आहे, हे ते गृहीत होय. दोष दिला की जबाबदारी तिच्या अंगावर पडते. गौरव केला की ती तिच्या अंगावरच राहते. गिरणी कामगाराला महागाई भत्त्याऐवजी मानपत्र दिले असते तर ते त्याने फाडून मालकाच्या तोंडावर फेकले असते. या आईला मात्र वेतनाऐवजी, विश्रांतीऐवजी, मदतीऐवजी मानपत्रच मिळते, आणि तिने ते डोळ्यांत पाणी आणून स्वीकारावे अशी अपेक्षा असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीतील आकडे या संदर्भात बोलके आहेत. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे, पुरुषांचा ८८ मिनिटे. मुलांची व आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा १३७ मिनिटे, पुरुषांचा ७५ मिनिटे. हे सर्वसाधारण घरांचे आकडे आहेत. ज्या घरातील मूल आठव्या वर्षीही स्वतः अंघोळ करू शकत नाही, रात्री तीन तास झोपते आणि उघड्या दारातून केव्हा बाहेर पळेल याचा नेम नसतो, त्या घरात घड्याळ लावून मोजण्यासारखे काही उरत नाही. तेथे कामाचा दिवस संपतच नाही. आठ तासांच्या दिवसासाठी ज्या चळवळीने रक्त सांडले, तिला चोवीस तासांचा हा दिवस आजवर दिसू नये ही साधी गोष्ट नव्हे.

यात बाप सुखी असतो असेही नाही. तो जादा पाळ्या करतो, कारण उपचारांचा खर्च भागवायचा असतो; आणि घरी येतो तेव्हा मूल त्याला परके झालेले असते. नवराबायको एकमेकांशी बोलतात ते औषधाविषयी, पैशाविषयी आणि शाळेच्या तक्रारींविषयी. सातवीतील मुलगी शहाणी झालेली असते, वयाला न शोभेल इतकी शहाणी. ‘पुढे याला तुलाच बघायचे आहे’ हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलेले असते की स्वतःला काय व्हायचे आहे, हे सांगायला ती कचरते. या घराचे दुःख त्या मुलाच्या स्वभावातून आलेले नाही. ते मूल आपल्या परीने जगते, शिकते, हसते, रुसते. चौघांनी उचलायचे ओझे एकीच्या डोक्यावर दिले, यातून ते दुःख आले आहे.

कायदा आणि त्याची वाट

राज्यसंस्थेने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत स्वमग्नतेला स्थान दिले, आणि सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्क्याच्या गटात स्वमग्न व्यक्तींचा समावेश झाला. ही प्रगतीच होय, आणि ती पालकांच्या व अपंगांच्या संघटनांनी झगडून मिळविली आहे.

पण कायद्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट किती लांब आहे, हे त्या आईला विचारावे. शाळेत हक्काने प्रवेश मिळतो. परंतु साठ मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक त्या मुलाचे काय करणार? तो आईला निरोप पाठवतो, ‘याला घरी घेऊन जा.’ शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो मुलाच्या सोयीसाठी होता. पण जेथे शाळेची तयारी नसते तेथे तो मुलाला बाहेर ठेवण्याची सबब होतो. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घालून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की ही पदे निश्चित करा आणि भरा. चार वर्षांत ज्या मुलाचे वय चारवरून आठ झाले, त्याची ती वर्षे कोणता न्यायालयीन आदेश परत देणार?

रोगनिदानाची यंत्रणाही कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी करायची, विकासात मागे पडणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचे, अशी त्याची आखणी आहे आणि तपासायच्या बाबींत स्वमग्नता आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांविषयीची कार्यपद्धतीही ठरवून देण्यात आली. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचे वेगळेपण ओळखण्याची पहिली जबाबदारी अंगणवाडी सेविकेवर आली. पण तिला सरकार कर्मचारी मानीत नाही. तिला वेतन नाही, मानधन आहे. घरातील आईचे श्रम मायेच्या नावाखाली फुकट घ्यायचे आणि अंगणवाडीतील ताईचे श्रम सेवेच्या नावाखाली स्वस्तात घ्यायचे, ही एकच रीत दोन्ही ठिकाणी दिसते.

आर्थिक मदतीचा विचार केला तर सरकारचा कल आणखी स्पष्ट होतो. अपंगांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये झाला. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो तेवढाच होता. तोही दारिद्र्यरेषेखालील, अठरा वर्षांवरील आणि ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्यांना. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. पण तिच्या नावातच तिची दृष्टी आहे. निराधार झाल्यावाचून आधार नाही. कायम नोकरीतील एस. टी. वाहकाचे घर तिच्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही. आयकरात अशा अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची आणि तीव्र अपंगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट आहे. पण ती जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना, आणि जो मुळात आयकर भरतो त्यालाच. महाराष्ट्रात अशा मुलांच्या पालकांना व्यवसायकर माफ आहे. हा कर वर्षाला फार तर २,५०० रुपये. ज्या बापाला पगार आहे त्याचे २,५०० रुपये वाचतात. जिने पगार सोडला त्या आईचे काहीच वाचत नाही, कारण कर भरण्याइतकीही मिळकत तिच्यापाशी उरलेली नाही. ऊस तोडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आईचा तर या हिशेबात उल्लेखही नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या खटल्यात महत्त्वाची भूमिका घेतली. अपंग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे म्हणजे स्त्रियांना नोकरीतून बाहेर ढकलणे होय आणि त्यांचा श्रमातील सहभाग टिकविणे हे संविधानिक कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. तत्त्व लाखमोलाचे आहे. पण केंद्राच्या नियमांतील ७३० दिवसांची ही रजा सरकारी नोकरीतील स्त्रीसाठी आहे. जिच्या कामाला हजेरीपटच नाही, तिने रजेचा अर्ज कोणाकडे करायचा? आणि ती रजा बापालाही सारखीच का नसावी, हा प्रश्न तर अजून पुरता विचारलाही गेलेला नाही.

पोकळीत शिरणारा बाजार

जेथून शासन पाय मागे घेते तेथे बाजार पाय रोवतो. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तन-शिक्षण यांची केंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि तेथे तासाच्या हिशेबाने पैसे पडतात. तालुक्याच्या गावाहून आठवड्यात दोनदा शहरात जायचे म्हणजे आईचे दोन दिवस गेले, आणि मुलाला गर्दीच्या गाडीतून नेण्याचे हाल वेगळेच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. परंतु ज्या गावात उपचार करणारा माणूसच नाही, तेथे विमा कशाचा खर्च भरून देणार?

या उपचारांनी मुलाला खरोखर मदत होते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्याच शेजारी भ्रमाचेही दुकान थाटलेले असते. मूळपेशींच्या उपचाराने स्वमग्नता ‘बरी’ होते असे सांगून आईवडिलांचे दागिने आणि जमिनीचे तुकडे विकायला लावले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. देवऋष्याचा अंगारा निदान स्वस्त तरी होता! विज्ञानाचा वेष घेतलेला हा नवा अंगारा घर धुऊन नेतो. तो विकला जातो, कारण ‘मूल आहे तसे घेऊन जगण्यास समाज मदत करील’ असा भरवसा त्या घराला कोणीच दिलेला नाही. ज्याला मदतीचा भरवसा नाही तो चमत्कार विकत घेतो.

‘सरकारने काय काय करायचे?’

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. प्रत्येक घरचे दुखणे सरकारने वाहायचे काय? मुले ज्याची त्याने सांभाळावीत, हीच आपली रीत नाही काय?

या आक्षेपाला महाराष्ट्रानेच पूर्वी उत्तर दिलेले आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाळंतपण ही कामगार बाईची खाजगी बाब आहे, असाच सूर निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मोठ्या अंशाने सरकारने सोसला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, कायदा झाला. जन्म देण्याच्या श्रमात राष्ट्राचा वाटा असेल, तर वाढविण्याच्या श्रमात तो का नसावा? आणि ज्या मुलाला वाढविण्यास दहापट श्रम लागतात, नेमके त्याच्याच बाबतीत राष्ट्राने हात वर का करावेत?

दुसरे उत्तर १९७२ च्या दुष्काळानंतरचे आहे. रोजगार हमी योजना उभी राहिली ती शहरातील पगारदारांवर बसविलेल्या व्यवसायकराच्या बळावर. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाने दिलेल्या पैशातून सोलापूर-बीडच्या मजुराला हक्काचे काम मिळाले. १९७७ साली त्याचा कायदा झाला. तो पैसा दान नव्हता, ती दोन अनोळखी माणसांमधील कायदेशीर नात्याची कबुली होती. त्याच धर्तीवर काळजीची हमी मागता येणार नाही काय? तालुक्याला एक दिवसभराचे केंद्र, तेथे पगारी व प्रशिक्षित माणसे, मुलाला ने-आण करण्याची सोय, आणि काळजी घेणाऱ्याला, मग ती आई असो वा बाप वा आजी, दरमहा हक्काचा भत्ता. ही मागणी अवास्तव आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७२ साली रोजगाराच्या हमीला काय काय म्हटले जात होते ते आठवून पाहावे.

दुसरा एक आक्षेप घरातूनच येतो आणि त्याचे उत्तर अधिक काळजीपूर्वक दिले पाहिजे. सरकारी माणसाच्या हाती मूल द्यायचे म्हणजे त्याला कोंडवाड्यात टाकणे नव्हे काय? ही भीती निराधार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. घराला झेपेना म्हणून त्यांना तेथे आणून सोडलेले होते. पण या घटनेचा धडा घरांनी एकट्याने सोसत राहावे असा नाही. घर थकून कोसळेपर्यंत कोणी मदतीला आले नाही, तर शेवटी कोंडवाडाच उरतो, हा तिचा धडा आहे. दिवसा मदत देणारे केंद्र गावात असेल तर मूल रात्री आपल्या घरात, आपल्या माणसांत झोपेल.

‘आमच्यामागे याचे कसे?’ हा या घरातील सर्वांत खोल प्रश्न. तो रात्री दिवा मालवल्यावर विचारला जातो आणि त्याला उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली आहे. कागदावरचा पालक त्याने मिळतो. पण त्या मुलाला, जो तेव्हा चाळीस वर्षांचा गृहस्थ असेल, सकाळी चहा कोण देणार, त्याचा भात वेगळा ठेवायचा असतो हे कोणाला ठाऊक असणार? आजवर अशा प्रश्नांची उत्तरे पालकांनीच शोधली आहेत. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती एका दांपत्याने आपल्या मुलीसाठी शोधलेल्या वाटेतून. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली एका आईच्या पुढाकाराने उभी राहिली. या उद्योगाबद्दल आदर बाळगावा तेवढा थोडा. परंतु ज्या घराला सर्वांत कमी उसंत आहे त्यानेच शाळाही काढायची आणि आश्रमही उभारायचा, हा न्याय नव्हे.

कार्यकर्त्याचे काम

सरकार बदलेपर्यंत थांबण्याची गरज नसलेली कामे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. तो पैसा गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हा एक प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात खेपा घालणाऱ्या आईबरोबर एक कार्यकर्ता गेला तर तिची तिसरी खेप वाचेल. शाळेत विशेष शिक्षकाचे पद आहे काय, भरले आहे काय, याची नोंद तालुक्यापुरती तरी शाखांनी ठेवावी. अंगणवाडी सेविकांच्या वेतनाच्या लढ्यात ही घरे सामील झाली आणि या घरांच्या मागणीत सेविका सामील झाल्या, तर दोघींचेही बळ वाढेल. गणेशोत्सवाच्या मंडळांत कार्यकर्ते असतातच. ज्या घरात असे मूल आहे त्या घरासमोर वाद्ये थांबवायला कायदा लागत नाही, माणुसकी लागते. आणि ही कामे करताना त्या मुलांशी, मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांशी बोलले पाहिजे. त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्याशी. शब्दांनी जे बोलत नाहीत त्यांचेही होय आणि नाही असते, ते समजून घेण्याची सवय लागते.

शेवटची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घराची आहे. पुरोगामी चळवळीत अहोरात्र वावरणाऱ्या कित्येक पुरुषांची घरे त्यांच्या बायकांनी एकटीने चालविली. त्यांच्या निधनानंतरच्या शोकसभांत ‘त्यांच्या पत्नीने संसाराची झळ त्यांना लागू दिली नाही’ असे कौतुकाने सांगितले गेले. ती झळ कोणाला लागली, हे त्या सभेत कोणी विचारले नाही. स्त्रीच्या श्रमावर उभे राहून समतेचे भाषण करता येते. पण त्या भाषणाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

त्या दोन खोल्यांच्या घरात सामाजिक न्यायाची सुरुवात एका लहानशा दृश्याने होऊ शकेल. रविवारची सकाळ आहे. वडील मुलाला पडवीत घेऊन बसले आहेत, तिकिटांच्या गड्ड्या लावून देत आहेत आणि कुकरची शिट्टी होण्यापूर्वी त्याच्या कानांवर अलगद हात ठेवायला शिकत आहेत. मुलगी मैत्रिणीकडे गेली आहे. गावातील केंद्रात सोमवारपासून मुलाची जागा निश्चित झाली आहे, आणि आई जुन्या पेटीतून आपले बालवाडी शिक्षिकेचे प्रमाणपत्र शोधून काढते आहे. यासाठी कोणी महान होण्याची गरज नाही. तिचा सत्कार न करता तिचे काम वाटून घेण्याची तेवढी गरज आहे.